गावाकडच्या जुन्या घराचं सांडपाणी नेमकं जातं कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुळशी-मावळात, भोर-वेल्ह्यात, पुरंदर, जुन्नर, शिरूरकडे बंद पडलेली घरं पुन्हा उघडली जाताहेत. कोणी वडिलोपार्जित वाडा दुरुस्त करतंय, कोणी शेतासकट जुनं घर विकत घेतंय. छप्पर, वायरिंग, फरशी हे सगळं आधी पाहिलं जातं. जमिनीखालच्या पाण्याची वाट मात्र संडास तुंबला किंवा अंगणात ट्रॅक्टरचं चाक खचलं की मगच आठवते. अशा घरमालकांचे नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. महापालिकेच्या ड्रेनेज लाइनला जोडलेल्या घरांना यातलं बरंचसं लागू होत नाही.

जुन्या घराच्या ड्रेनेजचा नकाशा कुठे मिळतो?

बहुतेक वेळा कुठेच नाही. सातबाऱ्यावर जमीन दिसते, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घर दिसतं, गावठाणातल्या मिळकत पत्रिकेवर हद्द दिसते. पाइप यातल्या कशावरच नसतो. रीतसर परवानगी घेऊन बांधलेलं अलीकडचं घर असेल, तर मंजूर नकाशावर सेप्टिक टाकीचा एक चौकोन काढलेला सापडतो. पण बांधताना कातळ लागला म्हणून टाकी दुसऱ्या कोपऱ्यात सरकवलेली असते आणि नकाशा कोणी बदलत नाही. त्यामुळे त्या चौकोनावर विसंबून खोदायला घेऊ नका.

खरी माहिती माणसांकडे असते. शेजारच्या आजी, गावातला जुना गवंडी, घर राखणारा गडी यांना निवांत बसवून विचारा. मात्र ‘ड्रेनेज कुठून गेलंय?’ असं विचारलं तर ‘काय की बुवा’ हेच उत्तर येतं. प्रश्न बारीक हवेत. आधी संडास कुठे होता? न्हाणीचं पाणी कुठल्या केळीला जायचं? टाकी शेवटची उपसली तेव्हा गाडी कुठे उभी केली होती आणि पाइप कुठून आत घेतला होता? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लोकांच्या चांगलं लक्षात राहिलेलं असतं, कारण त्या दिवशीचा वास सगळ्या आळीला आलेला असतो.

एकाच घरात दोन-तीन जुन्या व्यवस्था सापडतात, असं का?

कारण प्रत्येक पिढीने नवं केलं आणि जुनं तसंच गाडून टाकलं. सगळ्यात खालचा थर असतो मोरी आणि न्हाणीच्या दगडी पन्हळीचा, जिचं पाणी परसात किंवा रस्त्याकडच्या गटारात जायचं. त्यानंतर आला खड्ड्याचा संडास. २००० नंतर संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणि २०१४ पासून स्वच्छ भारत अभियान यांच्या काळात बऱ्याच घरांना एका किंवा दोन खड्ड्यांचं शौचालय मिळालं. पुढे घरात अटॅच्ड बाथरूम झालं तेव्हा सेप्टिक टाकी बांधली. एक सापडलं म्हणजे शोध संपला असं समजू नका. जुना, विसरलेला खड्डा हाच जास्त धोक्याचा, कारण त्यावरची फरशी कधी टाकली हे कोणालाच आठवत नसतं.

आणखी एक शक्यता लक्षात ठेवा. परसात गोबर गॅसचा जुना घुमट असेल, तर संडास त्यालाच जोडलेला असू शकतो. देहूचे डॉ. सुहास मापुस्कर यांनी शौचालयाला जोडलेल्या बायोगॅससाठी हयात घालवली. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. अशी संयंत्रं जिथे नीट चालवली जातात तिथे ती उत्तम काम देतात, पण बंद पडून माती साचलेल्या घुमटाला सेप्टिक टाकीइतकंच जपून हाताळा.

शोधायला सुरुवात कुठून करू?

घरातून. अंगणात पहार घेऊन जायच्या आधी पाणी ज्या ज्या ठिकाणी खाली जातं ती सगळी तोंडं मोजा: स्वयंपाकघराची मोरी, बेसिन, न्हाणी, संडास, धुणं धुवायचा दगड, गच्चीच्या पन्हळी. प्रत्येक तोंडातून एक बादली पाणी ओता आणि बाहेर एकाला कान देऊन उभं करा. पाणी भिंतीच्या कुठल्या बाजूने बाहेर पडतं हे जोत्याजवळ ऐकू येतं.

मग घराभोवती एक फेरी मारा. भिंतीलगत उभा, वर टोपी असलेला पाइप म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारा वेंट पाइप, आणि त्याच्या खाली किंवा जवळपास मैल्याची लाइन असतेच. भिंतीबाहेर जाळी असलेला चौकोनी कुंडा दिसला तर तो मोरी-न्हाणीच्या पाण्याचा गली ट्रॅप. जोत्यातून बाहेर येणाऱ्या पाइपचा रंग आणि पोत पाहिला की काळाचा अंदाज येतो. तपकिरी, चकचकीत, दर दोन-अडीच फुटांवर सांधा असलेला तो स्टोनवेअरचा. जड, गंजलेला तो बिडाचा. राखाडी, खरखरीत तो सिमेंटचा, आणि त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक तंतू, असू शकतं. तो कोरडा कापू नका, ग्राइंडर तर अजिबात लावू नका. ओला करून सांध्यातून अख्खा सुटा करा.

न खोदता टाकीची जागा कशी ओळखायची?

यासाठी एप्रिल-मे उत्तम. आजूबाजूचं गवत वाळून पिवळं पडलेलं असताना एका पट्ट्यात हिरवं दिसलं, तर खाली ओल आहे. परसातली एकच केळ किंवा अळूची एकच जागा पाणी न घालता माजलेली असेल तर तिकडे लक्ष द्या. जुन्या माणसांनी मोरीचं पाणी मुद्दामच तिकडे काढलेलं असतं. पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की पुन्हा एकदा पाहा. भरून काढलेला खड्डा तेव्हा खचतो आणि अंगणात गोल किंवा चौकोनी डबकं साचतं.

बाकीचं काम हिशेबाने होतं. चार इंची पाइपला साधारण ५० ला १ असा उतार दिलेला असतो, म्हणजे दहा मीटर अंतरात पाइप २० सेंटिमीटर खाली जातो. जोत्यापाशी तो जमिनीखाली एक फुटावर असेल तर दहा मीटरवर दीड-पावणेदोन फुटांवर सापडायला हवा. टाकीचं झाकणही त्याच सुमाराला, फार खोल नसतं. अपवाद एकच, अंगणात नंतर मुरमाचा भराव टाकलेला असेल तर. पायऱ्या मोजून हे कळतं. ओट्याच्या खालच्या एक-दोन पायऱ्या मातीत गडप झालेल्या असतील, तर भराव पडलेला आहे.

रंग टाकून पाण्याची वाट शोधता येते का?

येते, आणि ही सगळ्यात स्वस्त रीत आहे. मिठाईवाल्यांकडचा खायचा हिरवा रंग घ्या, बादलीत विरघळवा, एका तोंडातून ओता आणि मागून तीन-चार बादल्या पाणी सोडा. चेंबर, गटार, ओढ्याकडची कड अशा सगळ्या ठिकाणी माणसं उभी करा. एका वेळी एकच तोंड घ्या, नाहीतर काय कुठून आलं ते कळत नाही. लाल रंग गढूळ पाण्यात नीट दिसत नाही. पोटॅशियम परमँगनेटचा जांभळा रंगही इथे कामाचा नाही, कारण मैल्याशी गाठ पडताच तो तपकिरी पडून विरतो.

रंग कुठेच दिसला नाही, तर बहुधा पाणी मध्येच जमिनीत मुरतंय. फुटका पाइप किंवा मधलाच एखादा जुना खड्डा, दोन्हींपैकी काहीतरी आहे.

सळई टोचून पाहू का?

हो, पण आधी विजेचा विचार करा. विहिरीवरच्या मोटरची केबल शेतघरात कशीही, वीतभर खोलीवर, पाइपशिवाय पुरलेली असते. स्टार्टर आणि घराचा मेन स्विच दोन्ही बंद करून मगच सळई जमिनीत घाला. टोक बोथट असलेली दहा मिलिमीटरची सळई, वर आडवी मूठ. ओल्या जमिनीत हातभर अंतराने टोचत गेलं की हाताला फरक कळू लागतो. मातीत ती सुरसुर जाते, मुरमात करकरते, फरशीवर टण्ण थांबते. तीन-चार ठिकाणी सारख्याच खोलीवर थांबली, तर तो कातळ नसून स्लॅब असण्याची शक्यता जास्त.

पाइपची दिशा हवी असेल तर चेंबरमधून बांबूची लांब कामटी किंवा प्लंबरची स्प्रिंग आत सारा आणि जिथे अडेल तिथे खूण करून लांबी मोजा. हल्ली पुण्यात पाइपात घालायचा कॅमेरा भाड्याने घेऊन येणारे प्लंबर मिळतात. घर मोठं असेल, तुंबण्याची जागा हाती लागत नसेल, तर तो खर्च करा. अंगण सगळं उकरण्यापेक्षा तो परवडतो.

पाय आपटल्यावर पोकळ आवाज येतो. टाकीच असेल ना?

टाकी असेल, आड असेल, नाहीतर धान्याचं पेवही असेल. जुन्या घरांच्या अंगणात तिन्ही सापडतात. काहीही असलं तरी त्या जागेवर उभे राहू नका, गाडी नेऊ नका, भोवती दोर बांधून घ्या. जुन्या टाक्यांवर शहाबादी फरशा टाकलेल्या असतात. वरून धडधाकट दिसणारी फरशी खालून ओलीने खवले सुटून कागदासारखी झालेली असते. पेवातली कोंदट हवाही माणसाचा जीव घेते, म्हणून पुढचं उत्तर तिन्हींना लागू समजा.

झाकण सापडलं. उघडून आत पाहिलं तर चालेल?

उघडा, पण वाकून पाहू नका. या पानावरचं हे एकच उत्तर वाचलंत तरी चालेल, पण हे वाचाच.

टाकीत मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन तयार होतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास असतो, म्हणून लोकांना वाटतं की वास येईनासा झाला की हवा मोकळी झाली. होतं उलटंच. वायूचं प्रमाण वाढलं की नाकाची संवेदनाच बधिर होते. वास थांबला तेव्हा धोका वाढलेला असू शकतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहतो, आणि प्रमाण जास्त असेल तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. काठीने मैला ढवळला की अडकलेला वायू एकदम सुटतो, म्हणून कालची सुरक्षित टाकी आजही सुरक्षित असेल असं नाही.

गावात आत कंदील सोडून पाहायची पद्धत आहे. ती इथे वापरू नका. ज्योत विझली तर फार तर प्राणवायू कमी आहे एवढं कळतं, विषारी वायूबद्दल ती काहीच सांगत नाही, आणि मिथेन असेल तर भडका उडतो. जवळ विडी, काडेपेटी, वेल्डिंग काहीही नको.

झाकण पहारीने बाजूने उचकटा, वाऱ्याकडे पाठ ठेवा, मुलं आणि जनावरं लांब बांधा, आणि तासभर तरी उघडं राहू द्या. आत काय आहे ते बॅटरीच्या प्रकाशात, लांबून पाहा. मोबाइल लांब काठीला बांधून फोटो काढलेला उत्तम. कोरड्या चेंबरमध्ये घोणस किंवा इंगळी असते, म्हणून झाकणाच्या फटीत बोटं घालू नका.

आणि कोणी आत पडलंच, तर त्याला काढायला आत उतरायचं नाही. टाक्यांच्या अपघातांत दुसरा आणि तिसरा बळी हा वाचवायला गेलेल्या भावाचा, मुलाचा किंवा शेजाऱ्याचा असतो. ११२ ला फोन करा, बाहेरून दोर किंवा शिडी सोडा, पंख्याने वा ब्लोअरने हवा आत सोडत राहा. पाय आत टाकू नका.

गावात एक माणूस उतरून टाकी साफ करून देतो, स्वस्तात. करून घेऊ?

नाही. तो तयार असला तरी नाही. २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टाकीत माणूस उतरवून संरक्षक साधनांशिवाय साफसफाई करून घेण्यावर बंदी आहे, आणि ती जबाबदारी काम करून घेणाऱ्यावर आहे, म्हणजे घरमालक म्हणून तुमच्यावरही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गटारात किंवा टाकीत मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं.

कायदा बाजूला ठेवला तरी हे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या माणसांवर लादलं गेलं आणि मेले तेही तेच. आपल्या घराच्या मैल्यासाठी कोणाला तरी खाली उतरवायचं, हे आता आपल्या पिढीने थांबवायला हवं. सक्शन पंपाची गाडी बोलवा. गाडीचा पाइप बऱ्याच अंतरापर्यंत पोचतो, म्हणून रस्त्यापासून टाकीपर्यंतचं अंतर आधी मोजून सांगा.

गाडीवाल्याला एक प्रश्न अवश्य विचारा: हे नेऊन कुठे ओतणार? ‘बघतो कुठेतरी’ असं उत्तर आलं तर दुसरी गाडी शोधा. तुमच्या टाकीतला मैला रात्री कोणाच्या तरी ओढ्यात पडणार असेल, तर तो खालच्या गावाच्या विहिरीत जाणार. मैला सांडपाणी प्रक्रिया केंद्रावरच गेला पाहिजे.

आमची विहीर टाकीपासून बरीच लांब आहे. पाणी सुरक्षित आहे ना?

‘बरीच’ म्हणजे किती, ते टेपने मोजा. आयएस २४७० या भारतीय मानकानुसार शोषखड्डा, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर आणि घरापासून किमान ६ मीटर लांब हवा. पण पुणे जिल्ह्यात १८ मीटर आहेत म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

आपल्या पायाखाली दख्खनचा काळा कातळ आहे. जाड मातीच्या किंवा वाळूच्या प्रदेशात घाण पाणी हळूहळू झिरपतं आणि जाता जाता गाळलं जातं. कातळात पाणी भेगांमधून आणि कुजलेल्या मुरमाच्या थरातून चालतं. भेग गाळणीचं काम करत नाही. शोषखड्ड्याच्या तळाला एखादी उघडी भेग लागली, तर तिथलं पाणी फारसं न बदलता लांबवर जाऊ शकतं. ‘विहीर वरच्या अंगाला आहे’ हाही पूर्ण दिलासा नाही. मोटर तासन्‌तास चालली की विहिरीतली पातळी खाली जाते आणि चहूबाजूंचं पाणी तिच्याकडे ओढलं जातं. पश्चिमेकडे, लोणावळा-ताम्हिणीच्या बाजूला जिथे पाऊस हजारो मिलिमीटर पडतो, तिथे पावसाळ्यात भूजल इतकं वर येतं की शोषखड्डा आणि विहीर यांच्यातला कोरडा थरच उरत नाही.

म्हणून तपासणीला पर्याय नाही. पावसाळा सुरू झाल्यावर काही आठवड्यांत एकदा आणि उन्हाळ्यात एकदा पाणी तपासा. १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा मैल्यातला जिवाणू अजिबात सापडता कामा नये, आणि नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं, असं पिण्याच्या पाण्याचं आयएस १०५०० मानक सांगतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासणी होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामपंचायतीत विचारलं तरी वाट सांगतात. नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच घ्या, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. घरातल्या धुतलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटलीतून नेलेल्या नमुन्याचा निकाल कशाचाच नसतो.

अहवाल येईपर्यंत पाणी खळखळ उकळून प्या. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणं हा तात्पुरता उपाय आहे, मैला येतच राहिला तर तो पुरा पडत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस हे जंतू सापडले आणि सगळ्यांच्या नजरा पाण्याकडे वळल्या. ही कालपर्यंतची गावंच आहेत. घरं दाट झाली, विहिरी आणि खड्डे जुन्याच जागी राहिले.

पावसाळ्यातच संडास तुंबतो, एरवी नाही. टाकी लहान पडते का?

बहुधा टाकी लहान नाही, तिच्यात पावसाचं पाणी शिरतंय. गच्चीची पन्हळ किंवा अंगणाचं पाणी चेंबरमध्ये सोडलंय का ते आधी पाहा. ते तोडून वेगळं काढलं की निम्मी घरं इथेच सुटतात. दुसरं कारण म्हणजे शोषखड्ड्याभोवतीची जमीनच पाण्याने भरलेली असणं. अशा वेळी टाकी उपसली तरी काही दिवसांत पुन्हा भरते, पैसे वाया जातात. शिवाय प्लास्टिकची किंवा हलकी तयार टाकी भर पावसात रिकामी केली तर खालच्या पाण्याच्या दाबाने ती वर उचलली जाते आणि पाइप तुटतात. उपसायचं ते उन्हाळ्यात. साधारण दर दोन-तीन वर्षांनी.

जुना पाइप ठेवावा की बदलावा?

सरळ असेल, पाणी लगेच वाहून जात असेल तर राहू द्या. काळ्या मातीत मात्र स्टोनवेअरच्या लाइनवर विश्वास ठेवू नका. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडून आकसते, आणि सांधे निखळतात. जवळ पिंपळ, उंबर किंवा वड असेल तर त्या सांध्यांतून मुळं आत शिरलेली असणारच. स्प्रिंगने मुळं तोडली की पाणी पुढच्या हंगामापर्यंत चालतं, पण मुळं पुन्हा येतात. तिथे पीव्हीसी टाका, खाली वाळूचा थर द्या, आणि प्रत्येक वळणावर चेंबर ठेवा.

तुंबलं की ॲसिड ओततो. चालेल ना?

नको. पाइपचे सांधे खातं, टाकीत मैला कुजवणारे जिवाणू मरतात, आणि तेच तर टाकीचं सगळं काम करत असतात. बाजारात मिळणाऱ्या जिवाणूंच्या पावडरीचीही गरज नाही, मैल्यात ते पुरेसे असतात. पावडर टाकली म्हणून गाळ उपसायचं टळत नाही.

जुनी टाकी आता नको. बुजवायची कशी?

सक्शन गाडीने पूर्ण उपसून घ्या, पाण्याने धुवून ते पाणीही उपसा. येणारा आणि जाणारा पाइप सिमेंटने कायमचा बंद करा. मग आत न उतरता, बाहेरून स्लॅब फोडा आणि लांब पहारीने किंवा ब्रेकरने तळाला भोकं पाडा. तळ तसाच ठेवलात तर पावसाचं पाणी आत साठून भराव कायम लिबलिबीत राहतो. चुना पसरून मग दगड आणि मुरूम वीत-वीतभर थराने भरा, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मस करा. घरातला राडारोडा आणि प्लास्टिक भरू नका. एक पावसाळा जाऊ द्या, खचेल तेवढं पुन्हा भरा.

त्या जागेवर खोली, पाण्याची टाकी किंवा गोठ्याचा खांब घेऊ नका. फुलझाडं लावा. भाज्या, विशेषतः कंदमुळं, निदान काही वर्षं तरी नकोत, जंतांची अंडी मातीत बराच काळ टिकतात.

दोन खड्ड्यांच्या शौचालयाची गोष्ट वेगळी आहे. त्यातला एक खड्डा भरून बंद केला आणि दीड-दोन वर्षं पूर्ण कोरडा राहिला, तर आत सोनखत तयार होतं आणि ते झाडांना घालता येतं. पण बऱ्याच घरांत दोन्ही खड्डे एकदमच चालू असतात, कारण मधल्या चेंबरमध्ये एका बाजूला वीट लावायची असते हे कोणी सांगितलेलंच नसतं. आधी ते झाकण उघडून पाहा.

नवा शोषखड्डा कुठे खणू?

खणायच्या आधी जमीन पाणी पिते का ते बघा. ठरवलेल्या जागी वीतभर रुंद खड्डा शोषखड्ड्याच्या खोलीपर्यंत घ्या, रात्रभर पाण्याने भिजवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी घालून ते २५ मिलिमीटर खाली जायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा. अर्ध्या तासाच्या आत गेलं तर मुरूम चांगला आहे. तासाहून जास्त लागला तर तिथे शोषखड्डा चालणार नाही, मग कंत्राटदार काहीही म्हणो. काळी माती आणि सलग कातळ इथे हेच होतं. तिथे वर उचललेला, गोट्या-वाळूचा आणि कर्दळी लावलेला पाझर पट्टा करावा लागतो, आणि त्यासाठी जाणकार अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

उलट, पाणी डोळ्यांदेखत गायब झालं तर खूश होऊ नका. ती भेग आहे, आणि ती कोणाच्या तरी विहिरीकडे जाते.

मोरी आणि न्हाणीचं पाणी टाकीतच सोडावं का?

शक्य असेल तर वेगळं ठेवा. साबण आणि तेलकट पाणी टाकीत गेलं की ती लवकर भरते. साधा शोषखड्डा पुरतो: एक मीटर लांब, रुंद, खोल, तळाला मोठे दगड, वर लहान, आणि पाणी पडतं तिथे तळाला भोकं पाडलेलं मडकं, त्यात नारळाच्या शेंड्या. शेंड्यांत तेल आणि खरकटं अडकतं. त्या महिन्या-दोन महिन्यांनी बदलायच्या. जागा असेल तर पाणी सरळ केळीला आणि अळूला काढा, जुनी माणसं करायची तसंच.

टाकी चुलतभावाच्या हिश्श्यात गेली आहे. तो पाइप बंद करतो म्हणतो.

वाटण्यांत खोल्या वाटल्या जातात, पाइप वाटायचे राहतात. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार वीस वर्षं उघडपणे, विनाखंड वापरलेल्या वाटेवर हक्क सांगता येतो, आणि वकील तुम्हाला हेच सांगेल. पण कोर्टाचा निकाल येईपर्यंत मैला थांबत नाही. जागा असेल तर आपल्या हिश्श्यात नवी टाकी बांधा आणि जुनी दोघांच्या खर्चाने बुजवा. जागा नसेल तर उपसण्याचा खर्च कोण देणार, गाडी कुठून येणार, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. घर विकत घेत असाल तर हा प्रश्न इसार देण्याआधी विचारा.

घरात डास फार आहेत. याच्याशी संबंध असेल का?

असू शकतो. वेंट पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, टाकीच्या झाकणाच्या फटी सिमेंटने बुजवा.

सगळं सापडलं. आता नोंद कशी ठेवू?

प्रत्येक झाकणाचं, वळणाचं आणि बुजवलेल्या खड्ड्याचं अंतर घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून टेपने मोजा. एकाच कोपऱ्यापासूनचं अंतर उपयोगी नाही, दोन अंतरं असली की पुढे कोणालाही टेप दोन्हीकडून ताणून नेमकी जागा काढता येते. झाड किंवा कुंपण खूण म्हणून धरू नका, ती हलतात. मातीखाली किती इंचांवर आहे तेही लिहा, पाइप उघडा असतानाच टेप शेजारी ठेवून फोटो काढा. कागदाची एक प्रत घराच्या कागदपत्रांत ठेवा आणि दुसरी मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा, म्हणजे प्लंबर किंवा जेसीबीवाला येईल तेव्हा ती शोधावी लागणार नाही.